घाटाखालचें दातृत्व आणि मेळघाटांतील लोकसेवा

आपल्याकडे लोकोपयोगी संस्थांचे जे इतिहास लिहिले जातात, ते बहुधा एखाद्या रौप्यमहोत्सवाच्या किंवा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें लिहिले जातात. पहिल्या पानावर संस्थापकांचें छायाचित्र, मधल्या पानांत इमारतींचीं वर्णनें आणि शेवटीं देणगीदारांची यादी असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. ज्यांच्याकरितां ती संस्था निघाली, त्यांचें नांव ह्या पानांत क्वचितच आढळतें. ह्या चालीचा परिणाम असा झाला आहे कीं, दान कोणीं दिलें हें आपणांस ठाऊक असतें. परंतु तें कोणत्या वाटेनें गेलें, कोठें अडलें, कोणाच्या हातीं राहिलें आणि घेणाराच्या पदरीं शेवटीं कोणता अधिकार पडला, ह्याचा विचार करण्याची संवय आपणांस लागलेली नाहीं. तो विचार करावयाचा तर अमरावती जिल्ह्याइतकें सोयीचें क्षेत्र महाराष्ट्रांत दुसरें क्वचितच सांपडेल. ह्या एकाच जिल्ह्यांत खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी, कापसाची जमीन आहे. आणि गाविलगडच्या डोंगरापलीकडे चिखलदरा व धारणी हे दोन तालुके मिळून झालेला मेळघाट आहे. परतवाडा सोडून सेमाडोह व हरिसालवरून धारणीस जाणारा रस्ता कांहीं तासांचा. पण तो ओलांडून जाण्यास वऱ्हाडांतील दातृत्वाला शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. असें कां झालें, आणि उशिरां कां होईना तें जेव्हां वर चढलें तेव्हां त्याचें रूप कसें पालटलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

निजामानें १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभारांत दिला. पुढें दहा वर्षें होतात न होतात तोंच अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें, म्हणजे १८६१ ते १८६५ ह्या सालांत, वऱ्हाडी कापसाला पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला. त्याच सुमारास आगगाडी आली. सरकी काढण्याचे जीन आणि गठाणी बांधण्याचे प्रेस उभे राहिले. सावकार, अडत्ये, देशमुख व वकील ह्यांच्या हातांत पैसा खेळूं लागला. त्यांतला कांहीं भाग परंपरेप्रमाणें देवळें, घाट, धर्मशाळा व अन्नछत्रें ह्यांकडे वळला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून शाळा, वसतिगृहें, वाचनालयें व आखाडे ह्यांकडे वळला. हें सर्व स्तुत्यच होतें. परंतु दानाला नेहमींच ओळखीच्या वाटेनें जावयाची खोड असते. देणारा आपल्या जातीच्या मुलाला, आपण जातों त्या तीर्थाला, आपल्या गांवच्या शाळेला देतो. जो कधीं दृष्टीस पडत नाहीं, ज्याची भाषा कळत नाहीं, त्याची गरज त्याच्या मनांत उमटतच नाहीं. मेळघाटांतील कोरकू हा असा अदृष्ट शेजारी होता.

येथें एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें. घाटाखालून वर दान गेलें नाहीं. परंतु घाटावरून खालीं बरेंच कांहीं येत होतें. सिपना ह्या नदीचें नांवच कोरकू भाषेंतील सागाच्या नांवावरून पडलें आहे, आणि त्या सागानें कित्येक वाड्यांचे खांब व तुळया पुरविल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जंगलखात्यानें हीं वनें राखीव केलीं, तेव्हां कोरकूंच्या फिरत्या शेतीला बंधनें पडलीं. १९७४ सालीं येथेंच देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक झाला, आणि पुढें बोरी, कोहा, कुंड ह्यांसारख्या गांवांस आपली जागा सोडून दुसरीकडे वसावें लागलें. राष्ट्राच्या वनसंपत्तीसाठीं आपली वहिवाट सोडणाऱ्या ह्या लोकांचें नांव कोणत्याहि देणगीदारांच्या यादींत नाहीं. देणारा कोण आणि घेणारा कोण, हा प्रश्न आपण समजतों तितका सरळ नाहीं, एवढें तरी ह्यावरून ध्यानांत यावें.

मेळघाटांत बाहेरून सेवेसाठीं प्रथम जे गेले, त्यांत ख्रिस्ती मिशनऱ्यांचा उल्लेख केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरकू लोकांतच काम करण्याकरितां म्हणून एक स्वतंत्र मिशन निघालें. त्यांचा मुख्य हेतु धर्मप्रसाराचा होता, हें त्यांनीं कधीं लपविलें नाहीं, आणि त्या हेतूविषयीं मतभेद असणारच. पण ह्या मिशनपैकीं जॉन ड्रेक ह्यांनीं १९०३ सालीं कोरकू भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाहीं. कोरकू ही मुंडा कुळांतील भाषा. मराठी किंवा हिंदी येणारास ती ऐकून समजत नाहीं. ज्याच्या घरीं जावयाचें त्याची भाषा आधीं शिकावी, हा पाठ परदेशांतून आलेल्या माणसानें घेतला; शेजारच्या तालुक्यांतील सुशिक्षितांस तो घेण्याची गरज भासली नव्हती.

आतां घाटाखालीं ह्याच काळांत नेतृत्वाचे कोणते नमुने निर्माण झाले तें पाहूं. कारण पुढें मेळघाटांत जें घडलें त्याचीं मुळें तेथें आहेत. त्यांत पहिलें नांव गाडगे महाराजांचें. ह्यांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें परिटाच्या घरीं झाला. हातांत खराटा आणि डोक्यावर किंवा हातांत मातीचें गाडगें, एवढाच त्यांचा प्रपंच. ऋणमोचनास घाट, आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथें धर्मशाळा, अशीं लक्षावधि रुपयांचीं कामें त्यांनीं लोकांकडून करवून घेतलीं. परंतु त्यांच्या थोरवीचें मर्म आम्हांस इमारतींत दिसत नाहीं. ज्या धर्मशाळा त्यांनीं बांधविल्या त्यांच्यावर त्यांनीं आपला किंवा आपल्या नातेवाइकांचा हक्क राहूं दिला नाहीं. शिष्यशाखा व मठ मागें ठेवला नाहीं. सर्व मिळकत विश्वस्तांच्या स्वाधीन केली. पंढरपूर येथील चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवालीं केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पैसा श्रीमंतांकडून घ्यावा, सत्ता मात्र श्रीमंताकडे जाऊं देऊं नये आणि स्वतःकडेहि ठेवूं नये, हा त्यांचा दंडक होता. शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या माणसाला विश्वस्त ह्या शब्दाचा अर्थ आमच्यांतील पुष्कळ पदवीधरांपेक्षां अधिक नेमका कळला होता.

दुसरें नांव डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांचें. पापळसारख्या खेड्यांत १८९८ सालीं जन्मून व विलायतेंत विद्या संपादून ते परत आले, आणि १९३२ सालीं त्यांनीं श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. ह्या संस्थेनें वऱ्हाडांतील शेतकऱ्यांच्या मुलांस शिक्षणाचें दार उघडलें, हें सर्वश्रुत आहे. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट ही कीं, मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असतां त्यांनीं त्याच सालीं हिंदु देवस्थानांच्या संपत्तीविषयीं एक बिल कायदेमंडळांत मांडलें. देवस्थानांकडे सांचलेल्या धनाचा हिशेब व्हावा आणि त्याचा विनियोग लोकांच्या हिताकडे व्हावा, हा त्याचा आशय. सनातनी मंडळींनीं त्यास कसून विरोध केला. तें बिल पार पडलें किंवा न पडलें, ह्यापेक्षां त्यामागील प्रश्न महत्त्वाचा होता: एकदां दिलेलें दान कोणाचें? देणाराचें, सांभाळणाराचें, कीं ज्याच्यासाठीं दिलें त्याचें? पुढें १९५० सालीं मुंबई राज्यांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा होऊन धर्मादाय आयुक्तांची योजना झाली. तेव्हां हिशेबाचा भाग सरकारनें मार्गीं लावला. पण प्रश्नाचा दुसरा भाग तसाच राहिला, आणि तो मेळघाटांत जाऊन पुन्हां उभा राहिला.

ह्याच मालिकेंत १९१४ सालीं निघालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें व १९४६ सालीं डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनीं सुरू केलेल्या महारोगी सेवेचें नांव घेतलें पाहिजे. पहिल्यानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. दुसऱ्यांतून तपोवन उभें राहिलें. समाजानें बाहेर टाकलेल्या माणसांच्या हातांस तेथें काम मिळालें. ह्या सर्व संस्थांत एक गोष्ट समान दिसते. एक कर्ता पुरुष, त्याच्या शब्दावर देणारा मध्यमवर्ग व व्यापारी, आणि हळूहळू उभा राहणारा विश्वस्तांचा वर्ग, असा हा सांचा होता. नगरांत हा सांचा उत्तम चालला. डोंगरांत मात्र त्याची परीक्षा व्हावयाची होती.

मेळघाटांतील लोकसेवेचा नवा काळ १९८५ च्या सुमारास सुरू होतो. शेगांवचे रहिवासी, नागपूर येथें वैद्यकीची पदवी घेतलेले डॉ. रवींद्र कोल्हे धारणी तालुक्यांतील बैरागड येथें गेले. लग्नासाठीं त्यांनीं घातलेल्या अटी आतां दंतकथेसारख्या झाल्या आहेत: चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, पांच रुपयांचा नोंदणी विवाह, महिना चारशें रुपयांत संसार, आणि वेळ पडल्यास दुसऱ्याकरितां भीक मागण्याची तयारी. ह्या अटी मान्य करून डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्यासमवेत आल्या. पहिल्या तपासणीस दोन रुपये व पुढील तपासणीस एक रुपया, अशी त्यांची फी असे. २०१९ सालीं उभयतांस पद्मश्री मिळाली. त्यागाची ही कथा वर्तमानपत्रांनीं पुष्कळ सांगितली आहे, म्हणून तिच्यावर आम्ही अधिक लिहीत नाहीं. तिच्यांतील विचाराचा भाग मात्र कमी सांगितला गेला. बालकें न्यूमोनियानें व हिवतापानें दगावतात हें दिसल्यावर औषध देऊन हे वैद्य थांबले नाहींत. अंगावर पुरेसें वस्त्र नाहीं, घरांत धान्य नाहीं, पावसाळ्यांत हाताला काम नाहीं, म्हणून रोग बळावतो, ह्या निष्कर्षावर ते आले. म्हणून शेती सुधारणें, रास्त भावाच्या दुकानांतून धान्य खरोखर मिळतें कीं नाहीं तें पाहणें, हाहि त्यांनीं वैद्यकीचाच भाग मानला. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मंत्र्यांनीं त्यांना घर बांधून देऊं केलें असतां त्यांनीं घराऐवजीं रस्ते मागितले, असें सांगतात. देणगी कोणती स्वीकारावी व कोणती वळवावी, हें ठरविण्यांत नेतृत्वाची अर्धी परीक्षा असते.

१९९३ सालीं मेळघाटांतील बालमृत्यूंची वार्ता देशभर पसरली, आणि शीला बारसे ह्यांनीं हा विषय उच्च न्यायालयापुढें नेला. त्यानंतर संस्थांचा ओघ सुरू झाला. १९९७ सालीं पुण्यांत मैत्री ही संस्था निघाली; तिची धडक मोहीम अशी कीं, ज्या महिन्यांत ओढेनाले भरून गांवें तुटतात व आजार वाढतो, नेमक्या त्याच पावसाळ्याच्या महिन्यांत शहरांतील स्वयंसेवकांच्या तुकड्या आळीपाळीनें जाऊन गांवांत राहावयाच्या. धारणीजवळ उतावली येथें डॉ. आशिष सातव व डॉ. कविता सातव ह्या दांपत्यानें महान ह्या संस्थेमार्फत झोंपडीवजा जागेंतून आरंभ करून रुग्णालय उभारलें, आणि गांवांतल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरीं बालकांची शुश्रूषा करविली. गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग ह्यांनीं १९८६ पासून जें काम मांडलें व ज्याचें शास्त्रीय फळ १९९९ सालीं जगापुढें आलें, त्याच विचाराची ही शाखा होय. महानच्या ह्या प्रयोगाचा निष्कर्षहि २०२२ सालीं एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. धारणी तालुक्यांतच लवादा येथें सुनील देशपांडे व निरुपमा देशपांडे ह्यांनीं बांबूच्या कारागिरीचें केंद्र काढून हजारो हातांना काम शिकविलें. सुनील देशपांडे २०२१ सालीं महामारींत निवर्तले. केंद्र चालू राहिलें.

ह्या कामांची तुलना घाटाखालच्या जुन्या सांच्याशीं केली असतां दोन फरक स्पष्ट दिसतात. एक तर येथें देणारा आणि राबणारा एकच झाला. शहरांतील दाता पैसा देतो. परंतु त्याहून मोठी देणगी, म्हणजे आयुष्याचीं पंचवीस-तीस वर्षें, राबणाऱ्यानेंच दिली. दुसरें, येथें यशाची मोजणी इमारतींवरून होत नाहीं. किती मुलें पांच वर्षांचीं झालीं, हें येथील मोजमाप. तें फार कठोर आहे, आणि म्हणूनच प्रामाणिक आहे. २००१ सालच्या 'कोवळी पानगळ' ह्या अहवालानें सरकारी आंकड्यांत न येणारे बालमृत्यु उघडकीस आणले, तेव्हां मृत्यु मोजणें हीच एक लोकसेवा आहे हें महाराष्ट्राला कळलें.

परंतु सेवेच्या ह्या मार्गावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. रस्ते, धान्य, दवाखाने हीं पुरविणें सरकारचें कर्तव्य. तें कोणा साधुवृत्तीच्या दांपत्याच्या त्यागावर सोंपवावें कां? त्यागी माणूस जितका मोठा, तितकें सरकार निर्धास्त, असें होत नाहीं काय? हा आक्षेप खरा आहे, आणि मेळघाटांतील कार्यकर्त्यांनींच त्याला उत्तर दिलें आहे. डॉ. राजेंद्र बर्मा ह्यांनीं २००७ सालीं जनहितयाचिका केली. खोज संस्थेच्या पूर्णिमा उपाध्याय व बंडू साने ह्यांनींहि न्यायालयाचें दार वारंवार ठोठावलें. वर्षानुवर्षें न्यायमूर्ति सरकारला विचारीत आले कीं, वैद्य कां नाहींत, धान्य वेळेवर कां पोंचत नाहीं. दानांत मागणारा हात पसरतो. येथें तोच हात कायद्यानें ठरलेला हक्क मागूं लागला. दवाखाना चालविणारा आणि याचिका करणारा हे दोघेहि लागतात. एक नसल्यास दुसऱ्याचें काम अर्धवट राहतें.

गेल्या दहापंधरा वर्षांत दानाचा आणखी एक ओघ घाटावर आला आहे, तो कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें ठराविक आकाराच्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत असें ठरलें. पैसा वाढला, हें चांगलेंच झालें. पण ह्या पैशाला घाई असते. मार्चअखेर तो खर्च व्हावा लागतो, त्याला छायाचित्रें व आंकडे लागतात, आणि जेथें मोटार जाते तेथें तो अधिक जातो. २०१६ सालीं राज्य सरकार व मायक्रोसॉफ्ट कंपनी ह्यांनीं मिळून धारणी तालुक्यांतील हरिसाल हें देशांतील पहिलें डिजिटल गांव म्हणून गाजविलें. २०१९ च्या निवडणुकींत त्याच गांवच्या प्रत्यक्ष स्थितीवरून सभा गाजल्या. कोणाची बाजू खरी हा वाद सोडला तरी, गांवाचें नांव जाहिरातींत जितक्या लवकर चढलें तितक्याच लवकर तें वादांत उतरलें, एवढें तर दिसलेंच. ह्याच्या उलट परदेशी देणग्यांच्या कायद्यांत २०२० सालीं झालेल्या दुरुस्तीनें, एका संस्थेनें मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेस देण्यास बंदी झाली आणि कारभाराचा खर्च वीस टक्क्यांवर आणला गेला. पैशाच्या दुरुपयोगास आळा घालणें हें त्याचें सांगितलेलें कारण. परंतु डोंगरांतील लहान संस्था बहुधा मोठ्या संस्थेच्या हातूनच मदत घेते. आणि जेथें वैद्याला गांवोगांव फिरावें लागतें तेथें माणसाचा पगार व प्रवास हेंच काम असतें. ह्या नियमाचा भार मोठ्यांपेक्षां लहानांवर अधिक पडला.

मग ह्या इतिहासावरून नेतृत्वाची कसोटी कोणती ठरते? आम्हांस ती गाडगे महाराजांच्या दंडकांत व पंजाबरावांच्या प्रश्नांत सांपडते. संस्थेचा जमाखर्च धर्मादाय आयुक्तांकडे जातो, प्राप्तीकर खात्याकडे जातो, देणगीदाराकडे जातो. परंतु ज्यांच्या नांवानें तो खर्च झाला त्यांच्यापुढें त्यांच्या भाषेंत तो वाचून दाखवावा, असें कोणताहि कायदा सांगत नाहीं. ज्या दिवशीं एखादी संस्था आपण होऊन गांवसभेंत कोरकू भाषेंत आपला हिशेब सांगेल, त्या दिवशीं तें धन खरोखर विश्वस्तांचें झालें असें आम्ही समजूं. आणि दुसरी कसोटी वारसाची. बाहेरून आलेल्या दांपत्यानें आयुष्य वेंचलें. त्यांच्यानंतर पुन्हां बाहेरूनच कोणी यावें लागलें, तर त्या त्यागाचें मूळ मातींत धरलें नाहीं असेंच म्हणावें लागेल.

ह्या बाबतींत आशेला जागा आहे, आणि ती परतवाड्याजवळच्या पायविहीर ह्या लहानशा गांवानें दिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं ह्या गांवाला २०१२ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला. खोजचे कार्यकर्ते बरोबर होते. पण निर्णय गांवसभेचे होते. ओसाड पडलेलें रान गांवानें राखलें, झाडें लावलीं, सीताफळांची विक्री स्वतः केली, आणि २०१४ सालीं ह्या कामास जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथें देणगीदारांची यादी करावयाची तर त्या गांवांतील प्रत्येक घराचें नांव लिहावें लागेल.

वऱ्हाडच्या दात्यांनीं घाट चढण्यास उशीर केला, हें खरें. ज्यांनीं तो चढला त्यांच्यापुढें आमची मान लवते, हेंहि खरें. परंतु धारणीच्या एखाद्या कोरकू मुलीनें वैद्य होऊन आपल्याच तालुक्यांत दवाखाना मांडावा, त्या दवाखान्याच्या विश्वस्तांत तिच्या गांवचे पटेल व तिच्या मैत्रिणी बसाव्यात, आणि तिच्या कामाला लागणारा पैसा उपकार म्हणून न देतां देणें म्हणून घाटाखालून जावा, हें अद्याप व्हावयाचें आहे. हा डोंगर आमच्या वाड्यांचे सागाचे खांब पुरवून बसला आहे. त्याचें जुनें देणें फेडतांना दातृत्वाचा आव आणण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.